आयुक्तसाहेब, तुमच्या समितीवर मीही आहे म्हणे

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका
तथा पदसिद्ध अध्यक्ष, नगर पथविक्रेता समिती

(शहराचं नाव मुद्दामच घातलं नाही. मला उद्याही त्याच रस्त्यावर बसायचं आहे. शिवाय राज्यातल्या कुठल्याही शहराचं नाव घातलं तरी पत्रात फारसा फरक करावा लागणार नाही.)

महोदय,

सविनय नमस्कार. पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी सकाळी आपल्या अतिक्रमण विभागाच्या गाडीने जुन्या मंडईमागच्या रस्त्यावरून माझा माल उचलला. पालेभाजीची कॅरेट, इलेक्ट्रॉनिक काटा, मोठी छत्री, बसायचा पाट आणि एक कापडी पिशवी. पिशवीत आपल्या सहीचं पत्र होतं. 'आपण नगर पथविक्रेता समितीच्या सन्माननीय सदस्य असून बैठकीस आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.' ते पत्र आता आपल्याच गोडाऊनात पडलंय. म्हणजे माझी उपस्थिती लागली म्हणायची.

मागच्या बैठकीत आपण काय म्हणाला होतात ते आठवत असेल. आठवत नसेल तर मी आठवण देते. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत जुन्या मंडईमागच्या एकाही विक्रेत्याला हलवणार नाही, असं आपण भरल्या बैठकीत सांगितलंत. आमच्यातले एक भाऊ म्हणाले, साहेब, एवढं लिहून द्या. तर आपण हसून म्हणालात, "अहो, मी शब्द देतोय ना!" पुढे इतिवृत्त हातात आलं. त्यात आपला शब्द शोधून सापडला नाही. एक ओळ होती: 'सदस्यांनी मांडलेल्या मुद्द्यांवर सविस्तर चर्चा झाली.' चर्चा झाली, हे खरं. चहाही झाला. त्याचीही नोंद हवी होती.

बरं, आपला शब्द बाजूला ठेवू. २०१४ चा पथविक्रेता कायदा तर आहे ना? त्याच्या कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की सर्वेक्षण पुरं होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही, हलवायचं नाही. स्थलांतर करायचंच असेल तर ३० दिवस आधी नोटीस. मला ३० मिनिटंही मिळाली नाहीत. मी आपल्या निरीक्षकांना म्हटलं, साहेब, मी समितीवर आहे. ते म्हणाले, "मग तर मावशी, तुम्हाला नियम माहीत पाहिजेत." आणि काटा उचलून गाडीत टाकला. ठेवला नाही, टाकला.

त्याच काट्यावर नुकताच वजनमापेवाल्यांचा शिक्का मारून आणला होता. गोडाऊनात गेले तेव्हा त्याची काच तडकलेली, आकडे उमटेनात. कॅरेटमधली मेथी काळी पडून बसली होती, खालून पाणी सुटलं होतं, शेपूच्या वासाने तिथला कारकून नाकाला रुमाल लावून बसला होता. कायदा सांगतो की जप्त मालाची यादी जागेवरच द्यायची आणि नाशवंत माल मागेल त्याच दिवशी परत करायचा. मी त्याच दिवशी मागायला गेले होते. उत्तर मिळालं, साहेब साइटवर आहेत, उद्या या. उद्या गेले तर कारकून म्हणतो, "भाजी नाशवंत असते बाई, ती काय राहणार आहे का?" दंडाची पावती मात्र ताबडतोब फाडली. तिच्यावर मालाच्या यादीचा रकाना कोरा आहे. पावती मी जपून ठेवली आहे, आपल्याला बघायची असेल तर दाखवते. अशा तक्रारींसाठी निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती असली पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. ती कुठे बसते हे आपल्या कार्यालयात विचारलं, तर मला जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर पाठवलं. कदाचित तिथे तिची नोंद असेल, दोन्हींपैकी कुठल्या तरी रजिस्टरात.

आणि त्या गाडीवर, म्हणजे माझ्या मालावर, कर्ज कोणाचं आहे? पंतप्रधान स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली. माझ्या वेळी पहिले १० हजार होते, ते फेडले की २० हजार, पुढे ५० हजार. ७ टक्के व्याज सरकार परत देणार. शिफारसपत्र देणार महापालिका. मी पहिलं फेडलं, दुसरं चालू आहे. आपल्याच माणसांनी शिबिर भरवलं, क्यूआर कोडचा स्टँड हातात देऊन फोटो काढला. म्हणजे या इमारतीतला एक विभाग माझा धंदा वाढावा म्हणून कर्जाला शिफारस करतो आणि दुसरा विभाग तोच धंदा ट्रकात घालून नेतो. बँकेचा हप्ता या महिन्यातही कापला जाणारच आहे. तिला मी काय सांगू, माल साहेबांकडे आहे म्हणून?

आता समितीबद्दल. कायद्याचं वाचलं की ऊर भरून येतो, खरंच. विक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांहून कमी नकोत, तेही विक्रेत्यांनीच निवडलेले. त्यांत एक तृतीयांश बायका. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, अपंग, सगळ्यांना जागा. १० टक्के सामाजिक संस्थांना. आपल्या वीस जणांच्या समितीत आम्ही आठ. कागदावर असा समतेचा दरबार दुसरीकडे कुठे नसेल.

आता दरबार भरतो कसा ते लिहिते, कारण अध्यक्षांच्या खुर्चीवरून ते दिसत नसावं. बैठक सोमवारी सकाळी अकराला. पालेभाजीवाली बाई पहाटे चारला मार्केट यार्डात असते, सातला बसते, आणि दुपारी एकपर्यंत माल खपवला नाही तर उरलेला गुरांना घालते. अकरा म्हणजे आमची ऐन गिऱ्हाइकाची वेळ. बैठकीला यायचं तर त्या दिवसाची कमाई सोडून यायचं. सदस्यांना भत्त्याची तरतूद कायद्यात आहे, पण तो विषय काढला की सगळे मोबाइल बघायला लागतात. विषयपत्रिका येते आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर, तिरकी स्कॅन केलेली. 'आरक्षणबाधित क्षेत्रातील प्रस्तावित पथविक्रेता विभागांच्या आराखड्यास प्रशासकीय मान्यता.' मी बारावी झालेली आहे, तरी तीनदा वाचावं लागतं. शेजारी बसणाऱ्या फुलवाल्या ताई सहीपुरत्या शिकलेल्या. त्या माझ्याकडे बघून हात वर करतात आणि मी नकाशाकडे बघत बसते. नकाशावर रस्त्यांची नावं नाहीत, सर्व्हे नंबर आहेत.

अपंगांच्या जागेवर आमचे एक भाऊ निवडून आले. पट्टे-पाकिटं विकतात, पायाला पोलिओ. सभागृह तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या दिवशी लिफ्ट बंद. त्यांनी खालून फोन केला, मी स्पीकरवर ठेवला. आपण म्हणालात, "त्यांचं काही म्हणणं असेल तर लेखी घ्या." त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मला वर आणा किंवा तुम्ही खाली या. ते लेखी घेतलं नाही. इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे 'अनुपस्थित' आहे.

आम्हा बायकांची पहिली मागणी काय होती, आठवतं? जागा नव्हे, ओटा नव्हे. संडास. पहाटे चारपासून दुपारपर्यंत घराबाहेर असणारी बाई तहान लागली तरी घोट घोटच पाणी पिते, कारण जायचं कुठे? मंडईतलं स्वच्छतागृह पुरुषांचं चालू, बायकांच्या दाराला कुलूप, किल्ली ठेकेदाराकडे, ठेकेदार कुठे तर माहीत नाही. डॉक्टर मला म्हणतात पाणी प्या, मूत्रमार्गाला संसर्ग होतोय सारखा. मी म्हणते, डॉक्टर, तुम्ही ठेकेदाराला सांगता का? इतिवृत्तात आलं: 'महिला सदस्यांच्या सूचनेबाबत सकारात्मक विचार करण्यात येईल.' तेवढ्या सकारात्मक विचारात मी आणखी एक अँटिबायोटिकचा कोर्स संपवला.

आपल्याला वाटेल ही बाई एकटीच रडतेय. मुंबईचं बघा. २०१४ साली तिथे फेरीवाल्यांचे ९९ हजारांवर अर्ज आले. पात्र ठरले साधारण १५ हजार. बाकीचे ८४ हजार हवेत विरले म्हणायचे का? कायदा म्हणतो लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्या. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख, म्हणजे ३ लाखांच्या वर माणसं बसतात त्या अडीच टक्क्यांत. तिथे समितीच्या निवडणुकीला २०२४ चा ऑगस्ट उजाडला आणि मतदार यादीत होते ३२ हजार. कायदा होऊन दहा वर्षं. आपल्या शहराचा हिशोब मी मागितला तर 'माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे'. पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण करायचं हेही कायद्यातच आहे. अकरा-बारा वर्षांत दोन सर्वेक्षणं व्हायला हवी होती, आपलं पहिलंच अजून संकलित होतंय.

रहिवाशांच्या तक्रारी आहेत, असं आपण नेहमी सांगता. असतील. रस्ता चालायला मोकळा हवा हे मलाही कळतं, मीही पायीच येते. पण फूटपाथवर मोटार लावली की ती पार्किंगची समस्या आणि पाटी ठेवली की ते अतिक्रमण, हा न्याय कुठला? मोटारीला आपण कधी ट्रकात घालून तिच्या सीटा फाडल्यात? तक्रार करणारे तेच रहिवासी सकाळी 'कोथिंबीर घाला ना वर थोडी' म्हणून पिशवी पुढे करतात. जुनी मंडई माझ्या सासूच्या आधीपासून भरते. याला कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो आणि सर्वेक्षणात नोंदवलेला असा बाजार ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. नुसती गर्दी आहे हे कारण तर अजिबातच चालत नाही. मग कळलं ना सर्वेक्षण का होत नाही ते? नोंदच नाही झाली तर बाजारही नाही.

आणि हे एका समितीचं थोडंच आहे? लोकांना विचारायचं म्हणून या देशात काय काय झालं. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू, तीन लाखांवर वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या हव्यात. केंद्राच्या शहरं सुधारायच्या जवाहरलाल नेहरू योजनेचे पैसे हवे होते तेव्हा २००९ साली राज्याने क्षेत्रसभांचाही कायदा केला, म्हणजे मतदारांची आपल्या भागाची सभा. पैसे आले. आमच्या भागात क्षेत्रसभा भरलेली मी तरी पाहिली नाही, पाहिली असती तर तिथे चहावाला तरी बसला असता. २०२२ नंतर बहुतेक महापालिकांत वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक हेच आयुक्त, स्थायी समिती आणि महासभा. तेव्हाही फरक कळला नाही, हे जास्त वाईट. विकास आराखड्यावर हरकती मागवतात, सुनावणीला माणसाला दोन मिनिटं, वर बसलेला साहेब न बघताच म्हणतो, नोंद घेतली. कुठे घेतात हो नोंद? एखादी खोली भरली असेल एव्हाना. निर्णय आधी झालेला असतो, आम्हाला सहीला बोलावतात, आणि अहवालात मग येतं 'सर्व घटकांना विश्वासात घेऊन'. मला विश्वासात घेतलं आणि माझा काटा फोडला, हे त्या अहवालात कुठल्या पानावर बसवणार?

१९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावर बसून धंदा करणं हा योग्य बंधनांसह मूलभूत हक्क आहे. तेव्हा मी परकर-पोलक्यात आईच्या पाटीशेजारी बसत होते. आता माझी मुलगी हे पत्र टाइप करतेय आणि अधूनमधून म्हणतेय, आई, जरा सौम्य लिही. तिला नोकरीचे अर्ज करायचे आहेत, तिला सौम्य परवडतं.

तेव्हा मागणी लिहून टाकते. काट्याची भरपाई आणि माझी पिशवी. बैठक दुपारी तीननंतर आणि तळमजल्यावर. बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली ठेकेदाराकडून काढून तिथेच टांगा. सर्वेक्षणाची तारीख जाहीर करा आणि तोवर आपल्या पथकाला कलम ३ वाचून दाखवा, हवं तर मी येऊन वाचते. पुढच्या बैठकीला मी येणार, फुलवाल्या ताई येणार, लिफ्ट बंद असेल तर पट्टेवाल्या भावांना आम्ही खुर्चीसकट उचलून वर आणणार. आणि इतिवृत्त मी माझ्या वहीत लिहिणार आहे, कोण काय बोललं ते नावासकट. बैठक संपली की आठही जण त्यावर सह्या करू आणि त्याच संध्याकाळी मंडईच्या फळ्यावर लावू. आपलीही सही हवी असेल तर पेन घेऊन या, माझं गोडाऊनात आहे.

आपली,
सदस्य (महिला राखीव), नगर पथविक्रेता समिती
पालेभाजी विक्रेती, जुनी मंडई मागील रस्ता

प्रत: मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना माहितीसाठी, म्हणजे फायलीसाठी