'टी'ची रेघ दाखवणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी मजुरी घेऊन तुम्ही लगेच पुढच्या गाडीला हात घातलात. नीट आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

माझी 100 सीसीची गाडी म्हणजे माझा रतीब. पहाटे 5 वाजता दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून कोल्हापूर गाठायचं. इंजिनातली टायमिंग चेन (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, वेळेवर उघडमीट करायला लावणारी साखळी) ढिली होऊन खडखडायला लागली, म्हणून एका ठिकाणी बदलून घेतली. आवाज गेला, पण पिकअपही गेला. किक मारून पाय भरून यायचा, सायलेन्सरमधून फटाके फुटायचे. पंधरा दिवस खेटे घातले. कार्बोरेटर झाला, प्लग झाला. शेवटी 'गाडी जुनी झाली, विकून टाका' एवढंच ऐकायला मिळालं.

उद्यमनगरात तुम्ही मॅग्नेटचं (इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकी चाकाचं) झाकण उघडलंत, पेट्रोलच्या फडक्याने मॅग्नेट पुसलंत आणि मला वाकायला लावून बॅटरीच्या उजेडात दोन रेघा दाखवल्यात. 'एफ' आणि 'टी'. 'एफ' ठिणगीची खूण, पिस्टन पार वर येण्याच्या जरा आधीची. चेन चढवायची ती 'टी'वर, पिस्टन पार वर असतो त्या खुणेवर. आधीच्याने 'एफ' धरली होती आणि तिथेच चेनचं वरचं दातेरी चाक एक दात सरकलं होतं. तुम्ही मला दात मोजायला लावलेत: खालच्या चाकाला 14, वरच्याला 28. खालचा क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) दोनदा फिरतो तेव्हा वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा. म्हणजे वरचा एक दात चुकला की क्रँकचे जवळजवळ 26 अंश चुकले. व्हॉल्व्ह इतके अवेळी उघडमीट करत असतील तर गाडी ओढणार कशी?

चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा रबरी रोलर दगडासारखा झाला होता, तोही बदललात. 'टी' खाचेसमोर आली, वरच्या चाकाची खूण हेडच्या खाचेसमोर आली. मला वाटलं, झालं. तर तुम्ही पाना माझ्याच हातात दिलात. "पुरे दोन फेरे फिरव. सावकाश. कुठं अडलं तर जोर लावू नगंस, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असंल." फिरवलं. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या, तेव्हाच तुम्ही झाकणाला हात लावलात. दारात चार गाड्या खोळंबल्या होत्या, तरीही.

आता पहिल्या किकला सुरू होते. एकाही घरचं दूध चुकलेलं नाही.

काका, आमची म्हैस व्याली आहे. रविवारी खरवस घेऊन येतोय, दुकानात थांबा.

आपला,
दूधवाला