झाकण गेलं, कागद शाबूत आहे

माननीय मंत्रिमहोदय,
संस्कृती, माध्यमे व क्रीडा खाते, लंडन

स.न.वि.वि.

'हॉलंड 5' या पाणबुडीच्या टॉर्पेडो नळीचं झाकण चोरीला गेलं आहे. जून 2010 मध्ये पाणबुडे पाहणीला उतरले, तेव्हा ते जागेवर नव्हतं. चोरी कधी झाली? सप्टेंबर 2008 नंतर कधीतरी. एकवीस महिन्यांचं 'कधीतरी'! आमच्याकडे गावच्या देवळातली घंटा गेली तरी दुसऱ्या दिवशी काकड आरतीला कळतं.

हॉलंड वर्गाच्या पाच पाणबुड्या, तुमच्या नौदलाच्या अगदी पहिल्या. त्यातल्या दोनच उरल्या. एक गॉस्पोर्टच्या संग्रहालयात आहे. दुसरी ही, 1912 मध्ये भंगारात काढायला ओढून नेताना बुडालेली, ईस्टबोर्नपासून सुमारे सहा मैलांवर, तीसेक मीटर खोल. 2005 मध्ये तिला बुडालेल्या जहाजांचे अवशेष जपणाऱ्या 1973 च्या कायद्याचं संरक्षण मिळालं. म्हणजे नकाशावर मनाईचं एक वर्तुळ आलं, परवान्याशिवाय आत उतरायचं नाही.

हे काम हौशी पोराचं नाही, एवढं लक्षात घ्या. तीस मीटरवर साध्या हवेच्या सिलिंडरवर तळाशी जेमतेम वीस मिनिटं मिळतात, तीही भरती-ओहोटीचा ओढ थांबलेला असताना. अठरा इंची नळीचं झाकण सुटं करायचं तर अवजारं हवीत आणि उचलायला हवेची पिशवी. पन्नास किलो उचलायला पन्नास लिटर हवा लागते. तिथे दाब चौपट, म्हणजे वरच्या हिशेबानं दोनशे लिटर. वर येताना ती हवा फुगते, जादाची सोडली नाही तर पिशवी सुसाट सुटते. शिवाय वर बोट थांबलेली हवी. इतकी तयारी करून कोणी येतो, नेतो, आणि पत्ता लागत नाही!

नुकसान फक्त एका झाकणाचं नाही. समुद्रात लोखंडावर चुना, गंज आणि शिंपल्यांचं कवच चढतं. ते प्राणवायू अडवतं, म्हणून गंजणं मंदावतं. कवच फुटलं की उघडा पडलेला पत्रा पुन्हा झपाट्यानं खाल्ला जातो. आणि झाकणाचं काय? ते कुणाच्या गॅरेजमध्ये वाळत असेल, तर त्यात मुरलेले क्षार त्याला आतून फोडतील.

हे तुम्हाला ठाऊक नाही असं कसं म्हणावं? 'हॉलंड 1', म्हणजे गॉस्पोर्टची ती, नौदलानं 410 पौंडांना भंगारात विकली होती. तीही ओढून नेताना बुडाली. 1982 मध्ये वर काढली, गंजरोधक लेप दिला, झालं म्हणाले. दहा-अकरा वर्षांत क्षारांनी तिला खायला घेतलं. मग फायबरग्लासची टाकी, सोडियम कार्बोनेटचं द्रावण आणि चार वर्षं भिजवणं. आधी 410 पौंडांचा नफा, नंतर हा खर्च. वा रे हिशेब!

रीतसर जाणाऱ्या पाणबुड्यानं परवान्याचा अर्ज करायचा, नावं द्यायची, अहवाल लिहायचा. चोराला यातलं काहीच नाही. तुमच्या व्यवस्थेत कायदा पाळणाऱ्याचीच तेवढी नोंद राहते. 'ए 7' ही दुसरी एक पाणबुडी बुडाली, तिच्यात अकरा माणसं गेली, तिथे तर विनापरवाना बुडी मारायला बंदीच आहे. तिथे तरी बंदी पाळली जाते की नाही, हे खाली उतरून कोण बघतं? आमच्याकडे याला कागदी घोडे नाचवणं म्हणतात.

मागणी साधी आहे. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक पाहणी, ठरलेल्या बिंदूंवरून मोजपट्टीसह फोटो. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्रानं मोजा, गंजण्याचा वेग दरवर्षी नोंदवा. वर्तुळात थांबणाऱ्या बोटींची खबर तटरक्षकांकडे जावी. बुडालेल्या जहाजावरची वस्तू अठ्ठावीस दिवसांत जाहीर करायची असते. ती मुदत उलटली तरी आणून देणाऱ्यावर खटला नाही, अशी महिनाभराची सवलत जाहीर करा. आणि झाकण ज्याच्याकडे आहे त्याला निदान एवढं कळवा: बाबा रे, ते पाण्यात बुडवून ठेव, वाळू देऊ नकोस.

हे पत्र मराठीत आहे. इंग्रजीत लिहून तरी काय मोठं झालं असतं? उत्तरात सहानुभूती नको, पुढच्या पाहणीची तारीख तेवढी कळवा.

आपले,
दक्षिण इंग्लंडमधले काही मराठी पाणबुडे