रक्त देऊन जगवलेला क्लब

महोदय,

खेळाच्या पानावर युरोपच्या फुटबॉलचे आकडे कोट्यवधी युरोंत वाचायला मिळतात. बर्लिनच्या कोपेनिक भागातल्या युनियन बर्लिनची गोष्टही तिथे सविस्तर यावी, असे मनापासून वाटते. मुळे १९०६ सालची, कारखान्यांच्या वस्तीतली. आजचे नाव १९६६ पासूनचे. पूर्व जर्मनीच्या काळात राजकीय वरदहस्त लाभलेल्या डायनामो संघापुढे हा कामगारांचा संघ म्हणून ओळखला गेला. २००४ मध्ये क्लब बुडायला आला, तेव्हा चाहत्यांनी रक्तदान केले आणि त्याचे मिळालेले पैसे क्लबला दिले. पुढे जुने मैदान मोडकळीला आले. दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी सुट्ट्या टाकून, हातात फावडी घेऊन, जवळपास १ लाख ४० हजार तास राबून ते नव्याने उभे केले. आजही तिथे बहुतेक प्रेक्षक उभ्यानेच सामना पाहतात.

२०१९ मध्ये बुंडेसलीगा या जर्मनीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधल्या क्लबच्या पहिल्याच सामन्याला लोक आपल्या दिवंगत वडिलांचे, आजोबांचे, मित्रांचे मोठे फोटो घेऊन आले. हा दिवस पाहायला जे राहिले नाहीत, त्यांनाही गॅलरीत जागा मिळाली. सामना ०-४ ने हरले, पण ते फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, पुणे