लोणारच्या पाण्यातल्या जिवांचीही नोंद ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोणारच्या खाऱ्या सरोवराचे पाणी वाढत असल्याच्या, ते कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत आल्याच्या बातम्या वाचतो आहे. प्राचीन मंदिरांची काळजी रास्तच आहे. पण सरोवरात शिरणाऱ्या गोड्या पाण्याने आणि गावच्या सांडपाण्याने तिथल्या सूक्ष्मजीवांचे काय होते आहे, हे कुणीच विचारत नाही. बुलढाणा जिल्ह्यात तीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, म्हणून मी विचारतो.

जून २०२० मध्ये हे सरोवर गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधले: खारटपणा वाढल्याने हॅलोआर्किया हे मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले, रंग त्यांच्या रंगद्रव्याचा. पावसाळ्यात तो गेला आणि बातम्याही थांबल्या.

त्याच दिवसांत गावोगाव करोनाच्या आरटी-पीसीआर चाचण्या चालू होत्या. पीसीआर म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचे तंत्र; ते ज्या एन्झाइममुळे घरोघरी पोचले, ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या ‘थर्मस ॲक्वाटिकस’ या जिवाणूचे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांनी १९६०च्या दशकात तो निव्वळ कुतूहलापोटी शोधला आणि अमेरिकेतल्या जिवाणू-संग्रहात जमा केला. वीसेक वर्षांनी पीसीआरवाल्यांना जवळजवळ उकळत्या तापमानात टिकणारे एन्झाइम हवे होते, तेव्हा त्या जिवाणूची कुपी संग्रहात होती. माझे सारे म्हणणे त्या कुपीबद्दल आहे.

लोणारच्या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास असतो, म्हणजे ते चांगलेच अल्कधर्मी आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत टिकणारी एन्झाइम अशाच अल्कलीप्रेमी जिवाणूंकडून मिळतात. आणखी काय मिळेल ते आज सांगता येणार नाही. ब्रॉकनाही आले नसते.

दर हिवाळ्यात मुलांना घेऊन विवरात उतरायचो. काठावर पांढरी पापडी, पायाखाली करकरणारी, आणि कुजकट दर्प. हिरव्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतला की स्पायरुलिना या हिरव्या सूक्ष्मजीवाचे पीळ दिसत, पेनातल्या स्प्रिंगसारखे. एका वर्षी एक मुलगी सूक्ष्मदर्शकावरून उठेचना, मागे रांग लागली तरी.

आम्ही वेगळे केलेले साठेक जिवाणू कॉलेजच्या फ्रीजमध्ये होते. एका उन्हाळी सुटीत फ्रीज बंद पडला. जूनमध्ये उघडला तेव्हा नळ्यांतले आगार (जिवाणू वाढवायची जेली) वाळून सालपटासारखे सुटले होते, उरलेल्यांवर बुरशी. दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षे पडून होता. ते जिवाणू पुन्हा सापडतीलच असे नाही, कारण पाणीच बदलते आहे.

म्हणून विनंती अशी. २०२० मध्ये सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान, मिळाला. त्याच्या संवर्धन आराखड्यात सूक्ष्मजीवांना जागा द्या. पावसाआधी आणि पावसानंतर, दरवर्षी नमुने घ्या. हे काम जवळच्या कॉलेजांतली मुले करू शकतील; खर्च मोठा नाही, पण तो खंड न पडता मिळायला हवा. वेगळे केलेले जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा करा, कॉलेजच्या फ्रीजच्या भरवशावर ठेवू नका. आणि सांडपाणी आधी थांबवा.

माझ्याकडे सव्वीस वर्षांच्या वह्या आहेत: तारीख, सामू, तापमान, पाण्याचा रंग. हे काम जो कुणी हाती घेईल, त्याला त्या द्यायच्या आहेत.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, मेहकर