केबल पंचायतीच्या भिंतीपर्यंत आली, घरापर्यंत कधी? केंद्रीय दळणवळणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

आम्ही डोंगराळ भागातल्या वाड्यावस्त्यांवर राहणारी माणसे आहोत. घरोघरी वेगवान इंटरनेट यावे म्हणून ग्रामसभांत ठराव झाले, निवेदने देऊन झाली. आता हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत. मागणी एकच आहे. गाव जोडले गेले की नाही, हे किती किलोमीटर केबल टाकली त्यावरून ठरवू नका. घरात इंटरनेट चालते का, ते पाहून ठरवा.

सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडायच्या, या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजुरी दिली. तीच पुढे भारतनेट झाली. 15 ऑगस्ट 2020 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी हजार दिवसांत सहा लाखांहून अधिक गावांत फायबर नेण्याची घोषणा केली. ते हजार दिवस मे 2023 मध्ये संपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. आज सरकारी आकडेवारीत दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती सेवेसाठी सज्ज आहेत. पण पंचायतीत बसवलेली इंटरनेटची पेटी आज चालू आहे की महिनाभर बंद, हे त्या आकड्यातून कळत नाही. आणि आमचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

केबल तुटते. रस्ता रुंद करताना जेसीबीखाली येते, पाइपलाइनच्या चरात सापडते, पावसाळ्यात दरडीबरोबर जाते. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून पंचायतीपर्यंत एकच सरळ रेषा टाकली होती, त्यामुळे मध्ये कुठेही तुटली की पुढची सगळी गावे बंद. सुधारित कार्यक्रमात कडे पद्धतीची, म्हणजे वर्तुळाकार जोडणी आहे. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. हा बदल अगदी योग्य आहे आणि त्यासाठी आपल्या खात्याचे मनापासून आभार. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही आहे. मग तुटलेली केबल किती तासांत जोडली गेली, हे तालुकावार जाहीर करायला काय हरकत आहे? खोदण्याआधी कळवण्यासाठी मार्च 2023 पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅपही आहे. खोदणारा ते वापरतो की नाही, हे कोण बघते?

मोबाइलची रेंज आहे ना, मग फायबर कशाला, असे आम्हाला विचारले जाते. दरीतल्या वाडीला टॉवर दिसत नाही. जिथे रेंज मिळते तिथे संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाइन आले की व्हिडिओ सोडाच, साधा फॉर्मही उघडत नाही. जानेवारी 2023 पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान 2 एमबीपीएस वेग लागतो. दोन मुले ऑनलाइन तासाला बसली की तेवढ्याने एका घराचेही भागत नाही.

दरम्यान सरकारी कामे ऑनलाइन होत गेली. रेशनला पॉस मशीनवर अंगठा, पीएम किसानला ई-केवायसी, अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकर, शेतकऱ्याला ई-पीक पाहणी. पिकाचा फोटो शेतात उभे राहून काढायचा आणि तो अपलोड करायला रेंज शोधत टेकडी चढायची. अंगठा लागला नाही तर धान्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. ऑनलाइन कारभाराला आमचा विरोध मुळीच नाही. पण सेवा ऑनलाइन सरकारच करत असेल, तर तिच्यापर्यंतची वाट करून देण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्येच म्हटले आहे.

पैसा नाही, हे आम्हाला पटत नाही. दूरसंचार कंपन्या समायोजित सकल महसुलाचे (सरकारी शुल्कासाठी धरल्या जाणाऱ्या उत्पन्नाचे) पाच टक्के पूर्वीच्या सार्वत्रिक सेवा निधीत, म्हणजे आताच्या डिजिटल भारत निधीत भरतात. तो शेवटी ग्राहकांच्या बिलातून येतो आणि दुर्गम भागापर्यंत सेवा नेणे हाच त्याचा हेतू आहे.

पंचायतीचे कार्यालय मुख्य गावात असते. आमच्याकडे वाड्या तिथून काही किलोमीटरवर विखुरलेल्या आहेत, म्हणून कार्यालय जोडले गेले तरी वाडी तशीच राहते. सुधारित कार्यक्रमात पंचायत नसलेल्या सुमारे 3.8 लाख गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची आहे. महसुली नोंदीत स्वतंत्र गाव नसलेल्या वाडीचा त्यात समावेश होतो का, हे लेखी स्पष्ट करावे. होत असेल तर ही मागणी कुणाकडे नोंदवायची आणि नोंदवल्यावर किती दिवसांत जोडणी मिळेल, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे आदेश आपण द्यावेत.

आपले,
डोंगरी वाड्यांमधील ग्रामस्थ