‘पर्यायी मार्गाचा वापर करावा’, पण कोणत्या?

महोदय,

गाड्या बंद पडल्या की स्थानकात घोषणा होते, ‘प्रवाशांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा.’ दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतही हेच वाक्य छापून येते. हा मार्ग कोणता, तो कुठून धरायचा आणि रात्री किती वाजेपर्यंत मिळतो, हे मात्र कोणी सांगत नाही. सकाळी एक गाडी चुकली तर मागून दुसरी असते. रात्री घरी परतताना मागून काहीच नसते, आणि फटका तिथेच बसतो. म्हणून दुसरा मार्ग निघण्यापूर्वीच ठरलेला हवा.

हिशेब घराकडून सुरू करावा. घराजवळ सोडणारी शेवटची बस स्थानकाबाहेरून १०.४० ला सुटते असे धरू. फलाटावरून पूल चढून, गर्दीतून वाट काढत थांब्यावर पोहोचायला १० मिनिटे लागतात. म्हणजे गाडी १०.३० पर्यंत स्थानकात यायला हवी. प्रवास ३५ मिनिटांचा आणि गाड्या दर २० मिनिटांनी असतील, तर ९.५५ ची गाडी कागदावर पुरते. पण ती अवघी दोन मिनिटे उशिरा आली तरी बस गेली. त्यामुळे भरवसा ९.३५ च्या गाडीवर ठेवावा आणि ९.५५ ची राखीव समजावी.

आता दुसरा मार्ग. जिथून गाडी पकडायची तिथूनच आठ मिनिटे चालत गेल्यावर ९.५० ची थेट बस मिळते. तिला सव्वा तास लागतो, पण ती घरापर्यंत जाते. मग निर्णयाची वेळ ठरली: ९.४२. तोवर ९.३५ ची गाडी आली नाही तर फलाट सोडायचा. ‘एवढा वेळ थांबलोच आहोत, आणखी पाच मिनिटे पाहू’ या विचाराने दोन्ही मार्ग हातचे जातात. गेलेला वेळ मोजू नये. दुसऱ्या मार्गाची दारे बंद व्हायला किती वेळ उरला, तेवढेच पाहावे. ही वेळ घरी बसून, शांत डोक्याने ठरवलेली असली तरच पाळली जाते.

पर्याय निवडताना सर्वांत मोठी चूक होते ती पुढची. दोन मार्गांचे क्रमांक वेगळे असतात, पण दोन्ही एकाच पुलावरून, एकाच चौकातून किंवा एकाच आगारातून जातात. पूल बंद झाला की दोन्ही बंद. समजा प्रत्येक मार्ग दहापैकी दोन वेळा दगा देतो. दोघांच्या अडचणींची कारणे खरोखर वेगळी असतील, तर दोन्ही एकाच वेळी दगा देण्याची शक्यता शंभरात चारच उरते. कारण एकच असेल तर ती वीसच राहते. दुसऱ्या मार्गाने काहीच मिळवलेले नसते. म्हणून नकाशावर दोन्ही मार्ग बोटाने गिरवावेत आणि ते कुठे एकत्र येतात तिथे खूण करावी. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. रेल्वे बंद पडली की तिचे सगळे प्रवासी शेजारच्या रस्त्यावर उतरतात, त्यामुळे रुळांना समांतर जाणारी बस नेमकी त्याच वेळी भरलेली आणि कोंडीत अडकलेली असते. थोडा वळसा घेणारा, दुसऱ्या बाजूने घरी पोहोचवणारा मार्ग अशा वेळी अधिक खात्रीचा असतो.

बदली कुठे करायची, यालाही महत्त्व आहे. जिथून एकच बस सुटते अशा आडबाजूच्या थांब्यावर उतरून पाच मिनिटे वाचवण्यापेक्षा, तीन-चार दिशांना गाड्या जातात अशा मोठ्या स्थानकात बदलावे. जोडगाडी चुकली तरी तिथे हातात काहीतरी असते. वेगापेक्षा फेऱ्यांची संख्या आधी पाहावी: तासाला एकच असलेली जलद गाडी चुकली तर तासाचा भुर्दंड, दहा मिनिटांनी येणारी धीमी चुकली तर दहाच मिनिटांचा.

फेऱ्यांची संख्याही फसवू शकते. दर १० मिनिटांनी नीट अंतर राखून बस आल्या, तर वाट पाहण्याचा सरासरी वेळ पाच मिनिटे. त्याच बस जोडीजोडीने, २० मिनिटांच्या खंडाने आल्या, तर तो दहा मिनिटे होतो. तासातल्या बस मात्र दोन्हीकडे सहाच. बराच वेळ काहीच आले नाही तर समोरच्या बाजूकडे पाहावे. उलट दिशेच्या गाड्या ये-जा करत असतील तर सेवा चालू असण्याची शक्यता अधिक. त्याही येत नसतील तर मार्गच अडला आहे असे समजून निघावे.

मोबाइलवर दिसणारी वेळ थेट माहितीची आहे की नुसती वेळापत्रकातली, हे तपासावे. रद्द झालेली फेरीही वेळापत्रकाच्या आधारे ‘४ मिनिटांत’ दिसू शकते. मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांबाबत तर हमखास घोळ होतो. वाहतुकीचा दिवस बाराला संपत नाही. जगभर वेळापत्रके संगणकावर मांडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जीटीएफएस पद्धतीत रात्री १२.४० ची फेरी २४.४० अशी, आदल्या दिवसाच्या खात्यात लिहिता येते. म्हणून शनिवारी रात्री १२.४० ला सुटणारी गाडी, तोवर तारीख रविवारची झालेली असली तरी, शनिवारच्या तक्त्यात असू शकते. केवळ तारीख पाहून, ती आदल्या दिवसाची आहे हे विसरल्यास रविवारी रात्री तीच गाडी धरायला माणूस जातो आणि थांबा रिकामा असतो.

तिकिटाचाही विचार हवा. दोन मार्ग दोन वेगळ्या संस्थांचे असतील तर एकाचे तिकीट दुसऱ्यावर सहसा चालत नाही. कार्डात दोन्ही प्रवासांपुरती रक्कम आणि खिशात थोडे सुटे पैसे असावेत. शेवटच्या गाड्यांच्या वेळा, थांब्यांची नावे आणि निर्णयाची वेळ कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवाव्यात, कारण खोळंब्याच्या रात्री बॅटरी उतरलेली असते.

हे सारे प्रवाशाने करावे हे ठीक, पण त्याला लागणारी माहिती द्यायची जबाबदारी वाहतूक संस्थांची आहे. जपानमध्ये एक रेल्वेमार्ग बंद पडला की आधीच काढलेल्या तिकिटावर ठरावीक दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून जाऊ देण्याची ‘फुरिकाए युसो’ ही व्यवस्था आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार रेल्वेला ६० मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असेल, तर परतावा घ्यायचा की दुसऱ्या मार्गाने पुढे जायचे, हे प्रवासी निवडू शकतो. इतके तूर्त जमणार नसेल, तरी प्रत्येक थांब्यावर तीन ओळींचा फलक लावणे अवघड नाही: इथून शेवटची गाडी किती वाजता, ती चुकली तर जवळचा दुसरा थांबा कोणता आणि तिथून शेवटची फेरी कधी. आपल्या वृत्तपत्रानेही ‘वाहतूक विस्कळीत’ अशा बातमीखाली हीच तीन उत्तरे संबंधित संस्थेकडून मागवून छापावीत, ही विनंती.

– एक नियमित वाचक