सूचना : मतदार नोंदणी, रविवारी सकाळी १० वाजता

मंडळींनो, ढोलपथकात नाव घालायला झुंबड उडते. मतदार यादीत मात्र आपल्यातल्या बऱ्याच पोरापोरींची नावंच नाहीत. रविवारी मंडळाच्या खोलीत नमुना ६, म्हणजे नव्या मतदाराचा नोंदणी अर्ज, भरून घेऊ. पासपोर्ट फोटो, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा आणा. घरच्यांच्या मतदार ओळखपत्राचा नंबरही लिहून आणा.

सतरा पूर्ण झालेल्यांनीही यावं, आगाऊ अर्ज चालतो. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण लागत. आता १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबरही धरतात. तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ नको. नाव कागदपत्रात आहे तसंच लिहा. मागे एका वेलांटीपायी माझाच अर्ज अडकला होता.

पेन आपापलं आणा, खोलीतलं एकही उठत नाही.